मोजणीत न येणारं

आमच्याकडे कुणाला विचारत नाहीत
तुझी रेनडियर किती.
विचारणं म्हणजे परक्याच्या खिशात हात घालणं.
मी मात्र या मार्चात दर गुरुवारी
उत्सयोकीहून इवालोपर्यंत, एकशे पासष्ट किलोमीटर,
गाडी हाकत गेले
एक आकडा विचारायला.

मागच्या सीटवर चाल्मो.
भुवयांवर दोन पिवळे ठिपके, म्हणून चार डोळ्यांची.
गेल्या वर्षी सातव्या आठवड्यात
तिनं सरपणाच्या शेडमागं बर्फ उकरला,
जे काही होतं ते पुरलं
आणि तोंड चाटून कामावर हजर झाली.
योव्नाला तो खड्डा दिसला, त्यानं मला सांगितलं नाही.
मलाही दिसला होता.

नऊ.
पुढच्या गुरुवारी साडेसहा.
त्याच्या पुढच्या, चार पूर्णांक एक.
डॉक्टर पिल्वीनं कागद माझ्याकडे वळवला:
पिल्लं ठीक आहेत, पाच ठोके दिसतात,
पण त्यांना धरून ठेवणारं संप्रेरक
गळक्या बादलीसारखं उतरतंय.
बाहेरून घालावं लागेल.

घोड्यांसाठीचं औषध ते, तेलकट, पिवळं.
सुईशिवायची सिरिंज. हातमोजे.
"गरोदर बाईनं हात लावायचा नाही.
विचारावंच लागतं मला, बिरेत. तुम्ही...?"
मी त्रेपन्न वर्षांची.
हसले, जरा जास्तच मोठ्यानं.
बाकावरच्या टोपलीतलं कुणाचंसं मांजर दचकलं.

मग तिनं जे सांगितलं ते घरापर्यंत पुरलं:
यापुढं आकडा वाढणार नाही.
हे औषध रक्तात असतं, काम करतं,
पण यंत्राला दिसत नाही.
गुरुवारी आलात तरी कागदावर उतरणच असेल.
"मग कळणार कसं?"
"पोट पाहून. दिवस मोजून."

सकाळी सात, संध्याकाळी सात,
सुक्या मांसाच्या तुकड्यावर.
योव्ना वर कळपाकडे.
तिथं माद्या पोटं घेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभ्या,
त्यांचं रक्त कुणी काढत नाही.

मला दोनदा दिवस राहिले होते.
राहिले म्हणायचं.
राहिले नाहीत.
नर्स म्हणाली, होतं असं कधी कधी, कॉफी घ्या.
कॉफी चांगली होती, हे आठवतं.
पिल्वीला फोनवर विचारलं,
भांडी विसळता विसळता विचारावं तसं:
तेव्हा कुणी मोजलं असतं तर?
ती खोटं बोलत नाही.
म्हणाली, गळण्यामागं दर वेळी हेच असतं असं नाही.
आणि बायकांचं मला काय माहीत, मी कुत्र्यांची डॉक्टर.
नळ चालूच राहिला होता.

एकसष्टाव्या दिवशी थांबायचं.
देण्याहून हे अवघड.
आणखी देत राहिलं तर कळा येणार नाहीत,
पिल्लं आतच दाराशी थांबतील.
आणि आधी थांबवलं तर,
तो बर्फ मला माहीत आहे.
सात वाजले. सिरिंज हातात, कोरडी.
चाल्मो समोर बसली, नजर मांसावर.
दिलं. नुसतंच मांस.

चौसष्टाव्या रात्री व्याली.
चार हलणारी. पाचवं
योव्नानं मिटल्या मुठीत बाहेर नेलं,
या वेळी मला सांगून.
दूध उतरायला दोन दिवस लागले,
तोवर मी, बाटली, दर दोन तासांनी,
कुणाला देते ते न कळता शिव्या देत.
एक पिल्लू नर की मादी, नीटसं कळेना.
पिल्वी म्हणाली, औषधाचा हात लागतो कधी कधी.
ते मी ठेवणार. नाव पुढं बघू.

नदीवरचा बर्फ फुटायच्या आठवड्यात
शेजारची इंगा आली, बूट झाडत,
दारातूनच: "किती झाली मग?"

पुरेशी, मी म्हटलं.